पेरोव्स्काइट सोलर सेलचे पापुद्रे सुटतात, ते धरून कसे ठेवायचे

सोलर सेलची बातमी आली की आपली नजर पहिली जाते टक्क्यांवर, म्हणजे पडलेल्या उजेडाच्या किती भागाची वीज झाली त्यावर. नवीन रेकॉर्ड, अमुक टक्के, तमुक टक्के. मी पण बरीच वर्षं तेच बघायचो. पण पेरोव्स्काइट या सोलर सेलसाठीच्या नव्या पदार्थाच्या बाबतीत टक्क्यांचं गाडं केव्हाच मार्गी लागलंय, अडलंय ते टिकण्यावर, आणि त्या टिकण्याचा बराचसा भाग शेवटी एका अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टीशी येऊन थांबतो, ती म्हणजे सेलच्या आतले थर एकमेकांना घट्ट धरून बसलेत की नाही. जुन्या भिंतीच्या रंगाचे पोपडे निघतात ना, तसलाच प्रकार. फक्त इथला पोपडा केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून पातळ.

आधी नावाचं बघू, कारण ते जरा जड आहे. १८३९ मध्ये उरल पर्वतातलं एक खनिज गुस्टाव्ह रोझ या जर्मन खनिजतज्ज्ञाने ओळखलं आणि त्याला लेव्ह पेरोव्स्की या रशियन माणसाचं नाव दिलं. ते खनिज म्हणजे कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. सोलर सेलमधल्या पेरोव्स्काइटमध्ये यातलं काहीच नसतं, फक्त अणूंची मांडणी तशी असते म्हणून नाव तेच चिकटलं. सेलमधल्या पेरोव्स्काइटमध्ये शिशाचा एक अणू, त्याच्या सहा बाजूंना आयोडीन किंवा ब्रोमीन, असे तुकडे कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेले असतात आणि मधल्या पोकळीत एखादा छोटा सेंद्रिय रेणू नाहीतर सिझियम बसलेला असतो. पिंजऱ्यात पाखरू, असं समजा.

२००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या ग्रुपने हा पदार्थ पहिल्यांदा सोलर सेलमध्ये वापरला तेव्हा आलेली एफिशियन्सी होती ३.८ टक्के, आणि आत द्रव इलेक्ट्रोलाइट असल्यामुळे तो सेल बघता बघता विरघळून जायचा. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. २०१२ मध्ये द्रव काढून घन थर टाकले आणि आकडा १० टक्क्यांच्या आसपास गेला, मग मात्र सगळी लॅब-मंडळी तुटून पडली. आज एकट्या पेरोव्स्काइटचा आकडा २६ टक्क्यांच्या वर आहे, आणि सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवून केलेला टँडम सेल २०२३ मध्ये ३३.९ टक्क्यांवर गेला, नंतर त्याच्याही पुढे. नुसत्या सिलिकॉनची थिअरीतली कमाल मर्यादाच २९.४ टक्के आहे, म्हणजे सिलिकॉन कितीही घासूनपुसून केलं तरी तिथे पोचणारच नाही.

वर हे बनवायला सोपं. सिलिकॉनला १४०० अंशांच्या वर वितळवावं लागतं, पेरोव्स्काइट शाईसारखं काचेवर पसरायचं आणि १००-१५० अंशांवर काही मिनिटं तापवायचं, बस. पिवळसर ओली फिल्म डोळ्यांदेखत गडद तपकिरी, जवळजवळ काळी होते. जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, तर सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रॉनच्या घरात. इतकं सगळं चांगलं असताना घराघरांवर हे का नाही, तर सिलिकॉनच्या पॅनलला २५ वर्षांची वॉरंटी मिळते आणि याच्या बाबतीत आपण अजून तासांत मोजतोय.

आता मुद्द्यावर येतो. पेरोव्स्काइटचा सेल म्हणजे एकटं पेरोव्स्काइट नाही, ती थरांची चवड आहे. सगळ्यात खाली काच, त्यावर वीज वाहून नेणारा पारदर्शक ऑक्साइडचा थर, त्यावर इलेक्ट्रॉन गोळा करणारा थर, समजा टिन ऑक्साइड, वीस-तीस नॅनोमीटर जाडीचा, मग पेरोव्स्काइट, मग होल म्हणजे पॉझिटिव्ह चार्ज गोळा करणारा थर, आणि वर सोनं-चांदीसारखा धातूचा इलेक्ट्रोड. काही सेलमध्ये हा क्रम उलटा असतो, त्याने तत्त्व बदलत नाही. उजेड पडला की पेरोव्स्काइटमध्ये इलेक्ट्रॉन सुटतो, तो एका बाजूला जातो, होल दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनाही बाहेर पडायला सांधा ओलांडावा लागतो. म्हणजे सेलचं सगळं उत्पन्न या सांध्यांवरून जातं. आणि नेमके तेच सांधे कच्चे.

कच्चे का, तर हे थर एका जातीचे नाहीत. एक सिरॅमिक, एक मिठासारखा मऊसर क्रिस्टल, एक सेंद्रिय, एक धातू. हे एकावर एक ठेवले म्हणून जोडले जात नाहीत, बऱ्याच ठिकाणी नुसते टेकलेले असतात. मोबाईलला स्क्रीनगार्ड लावताना खाली हवेचा एक बारीक फुगा राहतो, सुरुवातीला काही वाटत नाही, पण पंधरा दिवसांनी तिथूनच कडा उचलते आणि एकदा कडा उचलली की धूळ जाते आणि मग ते परत कधी चिकटत नाही. इथे पण तसंच.

आता उष्णतेचं गणित करून बघू, कारण हे आकड्यात बघितल्याशिवाय पटत नाही. पेरोव्स्काइट तापलं की भरपूर प्रसरण पावतं, एक मीटर लांबीला दर अंशाला साधारण ०.०४ मिलिमीटर. साधी काच त्या मानाने पाव-पंचमांश, ०.००९. आता फिल्म १०० अंशांवर तयार झाली, तिथे ती आरामात बसलेली आहे, आणि मग ती २५ अंशांपर्यंत गार झाली. ७५ अंशांचा फरक. पेरोव्स्काइटला मीटरमागे ३ मिलिमीटर आकसायचंय, आणि खालची काच फक्त पाऊण मिलिमीटरच्या आत आकसणार. काच जाडजूड आहे, ती काही ऐकणार नाही, म्हणून बिचारी फिल्म सव्वादोन मिलिमीटर ताणलेल्या अवस्थेतच राहते. कायमची. म्हणजे सेल उन्हात ठेवायच्या आधीच, तयार झाल्या दिवसापासून, त्याच्या पोटात ताण भरलेला असतो. फिल्म मऊ असल्यामुळे ती लगेच तडकत नाही इतकंच, पण हा ताण तिच्या रसायनाला पण सोसत नाही, ताणलेलं पेरोव्स्काइट लवकर विघटित होतं हे प्रयोगात दिसलेलं आहे.

पुढे रोजचं चक्र सुरू. दिवसा पॅनल तापणार, रात्री गार होणार, परत तापणार. एखादी तार तुम्ही एकदा वाकवली तर तुटत नाही, पण वीस वेळा इकडे-तिकडे केली की तुटते. तसं सांध्यावर.

मग हा सांधा किती जोर सहन करतो? हे मोजायची पद्धत मला फार आवडते, कारण एवढ्या नॅनो-बिनोच्या दुनियेत ती इतकी रांगडी आहे. सेलच्या वर एपॉक्सीने दुसरी काच चिकटवायची, एका टोकाला छोटी चीर पाडायची आणि दोन्ही काचा दोन बाजूंना ओढायच्या, चीर पुढे सरकायला किती ऊर्जा लागली ते मोजायचं, आणि मग उघडलेल्या दोन्ही बाजू तपासून बघायचं की नेमकं कुठून फाटलं. स्टॅनफर्डमधल्या राइनहोल्ड डाउस्कार्ट यांच्या ग्रुपने अशी मापं घेतली, तेव्हा पेरोव्स्काइट सेलचे आकडे आले चौरस मीटरला साधारण दीड ज्यूलच्या आत. १ ज्यूल म्हणजे किती, तर १०० ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. म्हणजे एक चौरस मीटर सेल उलगडून दोन भाग करायला तुम्हाला साधारण तेवढेच कष्ट पुरे. इतर सोलर सेलच्या तुलनेत हे अगदीच नाजूक.

आता कोणी म्हणेल, सुटलं थोडंसं तर काय बिघडलं, पेरोव्स्काइट तर आहेच ना आत. बिघडतं, आणि एकातून एक बिघडत जातं. सांध्यावर सुरुवातीला पोकळी तयार होते, अगदी बारीक, नॅनोमीटरमधली. तिथून इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊ शकत नाही, मग तो अडकून पडतो आणि होलला भेटून वाया जातो, म्हणजे करंट गेला. मोकळ्या झालेल्या पृष्ठभागावर आयोडीनचे आयन सैल असतात, ते भटकायला लागतात, पेरोव्स्काइटमध्ये आयन तसेही एका जागी बसत नाहीत, आणि ते भटकत भटकत चांदीच्या इलेक्ट्रोडपर्यंत गेले की चांदीचं आयोडाइड होतं. पोकळीतून ओलावा शिरतो. सेंद्रिय रेणू वायू होऊन उडून जातो, पाखरू पिंजऱ्यातून पळालं, आणि मागे राहतं लेड आयोडाइड, पिवळं. काळ्या सेलवर कडेने आत सरकणारे पिवळे डाग दिसले की समजायचं कारभार आटोपला. म्हणजे बाहेरून दिसतं ते रसायन बिघडलेलं, पण त्याला वाट करून दिली ती सुटलेल्या सांध्याने.

बरीच वर्षं सगळा जोर रसायनावर होता. पिंजऱ्यातलं पाखरू म्हणजे मिथिलअमोनियम उडून जातं तर त्याच्या जागी फॉर्मअमिडिनियम घाला, सिझियम घाला, ब्रोमीनचं प्रमाण बदला. त्याने फरक पडला, नाही असं नाही. पण अमेरिकेतल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीत नितीन पडतुरे यांच्या ग्रुपने वेगळ्या टोकाने सुरुवात केली. हे मूळचे आयआयटी मुंबईचे मेटलर्जीवाले, आणि सोलरमध्ये यायच्या आधी जेट इंजिनाच्या पात्यांवर जो सिरॅमिकचा उष्णतारोधक लेप असतो त्यावर काम केलेले. त्या लेपाचा कायमचा रोग काय, तर पापुद्रे सुटणे. आता ज्याने अर्धं आयुष्य सुटणाऱ्या लेपांकडे बघितलंय त्याला सोलर सेलमध्ये पण पहिल्यांदा सुटणारा सांधाच दिसणार, हा आपला माझा अंदाज.

त्यांनी २०२१ मध्ये जे छापलं ते थोडक्यात असं. टिन ऑक्साइड आणि पेरोव्स्काइट यांच्या मध्ये रेणूंचा एकच थर बसवला. एकच म्हणजे खरोखर एक, एका रेणूच्या उंचीचा, नॅनोमीटरच्या आसपास. असल्या थराला सेल्फ-असेंबल्ड मोनोलेयर म्हणतात, लॅबमध्ये सगळे नुसतं सॅम म्हणतात. सेल्फ-असेंबल्ड का, तर तुम्हाला रेणू एकेक करून उभे करावे लागत नाहीत, ऑक्साइडवर द्रावण टाकलं की रेणू आपले आपण रांगेत उभे राहतात, पाय खाली रोवून आणि डोकं वर करून.

यातली खुबी त्या रेणूच्या दोन टोकांत आहे. पायाकडे सिलेनचा, म्हणजे सिलिकॉन असलेला, गट. टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, जागोजाग लटकलेली असते, सिलेन तिच्याशी रिअ‍ॅक्शन करून पक्का रासायनिक बंध करतो. डोक्याकडे आयोडीनचा अणू. पेरोव्स्काइटमध्ये आयोडीनच असतं, त्यामुळे वर फिल्म तयार होताना तिला ते टोक परकं वाटत नाही, तिथल्या शिशाशी ते जमवून घेतं. मधे कार्बनची छोटी साखळी. एक हात काचेकडच्या सिरॅमिकच्या हातात, दुसरा पेरोव्स्काइटच्या हातात. डिंक म्हटला तर डिंक, पण डिंक म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं, थबथबीत काहीतरी, तसं नाही, जाड डिंक टाकला असता तर इलेक्ट्रॉन त्यातून गेलेच नसते आणि सेल घट्ट बसला असता पण बंद पडला असता. थर एकाच रेणूचा असल्यामुळे इलेक्ट्रॉन तो सहज ओलांडतो.

आणि हे नुसतं कुठलाही रेणू मधे घातल्याने झालं नाही हे पण त्यांनी तपासलं. तोच रेणू, फक्त डोक्याला आयोडीनऐवजी हायड्रोजन, असाही सेल केला. आयोडीनवाला सरस ठरला. मला हा भाग सगळ्यात पटला, कारण आपण कितीदा वाचतो की अमुक थर घातला आणि सुधारणा झाली, पण त्या थरातल्या नेमक्या कशामुळे झाली हे कोणी वेगळं काढून दाखवत नाही.

निकाल असा की सांध्याचा चिवटपणा जवळपास ५० टक्क्यांनी वाढला, आणि टी-८०, म्हणजे सेलची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत घसरायला लागणारा वेळ, सुमारे ७०० तासांवरून ४,००० तासांच्या घरात गेला. ताकद दीडपट आणि आयुष्य साडेपाच पटींच्या वर. हे प्रमाण विषम आहे आणि त्यातच सगळं आलं, कारण इथे चिकटपणा थोडा वाढला की पोकळी सुरूच होत नाही, आणि पोकळी नाही तर पुढची सगळी रांग अडून राहते. चाचणीनंतर सेल उघडून बघितले तर साध्या सेलमध्ये सांध्यावर पोकळ्या, आणि सॅमवाल्यात सांधा बराच शाबूत. लटकणारे हायड्रॉक्सिल पण कमी झाले होते, जे एरवी पेरोव्स्काइटला आतून कुरतडत बसतात. एफिशियन्सी पण २० टक्क्यांवरून २१ च्या वर गेली, तो बोनस.

आता ४,००० तास ऐकून हुरळून जायचं कारण नाही. दिवसाला पाच तास भर उन्हाएवढा उजेड धरला तर २५ वर्षांचे ४५ हजारांच्या वर तास होतात. शिवाय लॅबमधली चाचणी सतत उजेडात, ठरलेल्या वातावरणात होते, छतावर पाऊस, थंडी, पक्षी, सगळंच असतं. थेट तुलना नाही करता येत, पण अंतर किती बाकी आहे याचा अंदाज येतो.

बरं, एक सांधा पक्का केला की चीर दुसरा कच्चा सांधा शोधते. साखळीची सगळ्यात कमजोर कडी तुटते तसं. उलट्या क्रमाच्या सेलमध्ये, म्हणजे हल्ली रेकॉर्ड करणाऱ्या बहुतेक सेलमध्ये, इलेक्ट्रॉन गोळा करायला सी-६० वापरतात, कार्बनचे साठ अणू फुटबॉलसारखे जोडलेले. हे फुटबॉल ना एकमेकांना नीट धरत, ना शेजाऱ्याला, नुसते ढीग करून ठेवलेल्या गोट्यांसारखे असतात, त्यामुळे तिथून पापुद्रा सुटणं ही नेहमीची डोकेदुखी. त्याच सेलच्या दुसऱ्या बाजूला मात्र सॅमने बस्तान बसवलंय. लिथुआनियातल्या कौनासच्या आणि बर्लिनच्या संशोधकांनी मिळून कार्बाझोलचे रेणू बनवले, पायाकडे फॉस्फॉनिक आम्लाचा गट जो ऑक्साइडला घट्ट पकडतो, आणि वरचा भाग होल गोळा करतो. म्हणजे तोच डिंक आणि तोच वीज नेणारा थर, वेगळा थर टाकायचीच गरज नाही. २०२० मध्ये त्याच रेणूंवर केलेला टँडम सेल २९ टक्क्यांच्या वर गेला होता.

डिंकाच्या पलीकडे पण लोकांनी डोकी चालवलीत. स्टॅनफर्डवाल्यांनी २०१७ मध्ये माशीच्या डोळ्याकडे बघून षटकोनी खणांची जाळी केली आणि एकेका खणात पेरोव्स्काइट भरलं, एक खण फुटला तरी चीर शेजारच्या खणात जात नाही. आयडिया झकास, पण जाळीची जागा उजेड खाते. दुसरा एक मार्ग म्हणजे लॅमिनेशन, आणि तो मला जास्त व्यवहारी वाटतो. थरावर थर चढवताना एक अडचण कायम असते की वरचा थर टाकताना त्याच्या द्रावकाने किंवा उष्णतेने खालचा खराब होऊ नये, म्हणून चांगले पण तापट स्वभावाचे पदार्थ वरच्या बाजूला वापरताच येत नाहीत. लॅमिनेशनमध्ये दोन काचांवर अर्धा-अर्धा सेल वेगवेगळा करायचा, दोन्ही ऑक्साइड हवे तेवढे तापवून घ्यायचे, आणि शेवटी पेरोव्स्काइटचे तोंड तोंडाला लावून दाब आणि थोडी उष्णता द्यायची. पेरोव्स्काइट मऊ, त्यातले आयन हलणारे, म्हणून दोन्हीकडचे कण एकमेकांत शिरून सांधा भरून येतो. ज्या मऊपणाला इतका वेळ आपण शिव्या दिल्या तोच इथे कामाला आला. याच गुणामुळे फिल्ममधल्या बारीक भेगा पण थोडी ऊब आणि दाब दिला की मिटू शकतात. वर दोन्ही बाजूंना काच आपोआप आली.

काच आली तरी कडा उरतातच. पॅनलमध्ये सेल आणि काचेच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिक वितळवून भरतात. सिलिकॉनसाठी सर्रास वापरतात ते ईव्हीए, पण ते जुनं होताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं, पेरोव्स्काइटला ते अजिबात चालत नाही, म्हणून पॉलिओलेफिनकडे कल आहे, आणि कडेने ब्युटाइल रबर. शिसं पण त्यामुळेच आत राहतं. एका चौरस मीटरमध्ये शिसं तसं ग्रॅमपेक्षा कमी असतं, पण ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतं, त्यामुळे सुटलेल्या थरात पाणी शिरलं की प्रश्न नुसता वीज कमी होण्याचा राहत नाही.

खरी परीक्षा ठरलेली आहे. सिलिकॉनच्या पॅनलला जी लागते तीच: उणे ४० पासून ८५ अंशांपर्यंत आणि परत, अशी २०० चक्रं, आणि वेगळं म्हणजे ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, १,००० तास. पहिली चाचणी थेट सांध्यांवर घाव घालते, वर केलेलं ७५ अंशांचं गणित इथे १२५ अंशांचं होतं. पुढच्या वेळी पेरोव्स्काइटची बातमी वाचाल तेव्हा टक्क्यांच्या खाली या दोन चाचण्यांचा काही उल्लेख आहे का ते शोधा, नसेल तर समजून जा.

२०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने टँडम पॅनल गिऱ्हाईकाला विकायला सुरुवात केली, म्हणजे गोष्ट लॅबच्या बाहेर पडलीय. आता मोठ्या काचेवर सॅम सगळीकडे सारखा बसवायचा कसा यावर मारामारी सुरू आहे. नखाएवढ्या सेलवर रेणू गुमान रांगेत उभे राहतात, मोठ्या काचेवर मात्र कुठे घोळका करतात, कुठे टक्कल ठेवतात. आणि यातले काही रेणू असे आहेत की त्यांच्यावर पेरोव्स्काइटची शाई पसरतच नाही, मेण लावलेल्या कागदावर पाण्याचे थेंब राहतात तसे तिचे थेंब होऊन बसतात, मग चिकटायचा प्रश्न पुढचा, आधी शाई तिथे टेकायला तर हवी.